काडतूस कुठे मिळेल?

शिकारकथांत बंदुकीचे नाव फार प्रेमाने घेतलेले असते. रायफल कोणत्या कंपनीची, दुनळी की एकनळी, दस्ता अक्रोडाचा की साध्या लाकडाचा, कोणत्या साहेबाने भेट दिली, सगळे तपशीलवार येते. पण तिची काडतुसे कुठून यायची, एका पेटीत किती असायची, संपली की पुढची पेटी यायला किती महिने लागायचे, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. माझे कुतूहल नेमके तिथेच अडकले. याला कारण माझा व्यवसाय. तीस वर्षे मी मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो आहे. गाडी घ्यायला निघालेला ओळखीचा माणूस सल्ला विचारायला आला की मी इंजिनाबद्दल चकार शब्द काढत नाही. तिचे स्पेअर तुमच्या तालुक्यात मिळतात का, एवढेच विचारतो. मी शिकारी नाही, लष्करात नव्हतो, विद्यापीठाशीही माझा संबंध नाही. जुनी कॅटलॉगे, शिकाऱ्यांच्या आठवणी, शस्त्र कायद्याचे नियम आणि न्यायालयांचे निकाल वाचता वाचता माझ्या लक्षात आले की हिंदुस्थानात कोणती रायफल चालली आणि कोणती खुंटीला लटकत राहिली, या प्रश्नाचे उत्तर माझ्या दुकानातल्या त्याच प्रश्नात दडलेले आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू. तो समजला नाही तर पुढचे काहीच समजणार नाही. ‘बारा बोर’मधला बारा हा आकडा मापाचा नाही, वजनाचा आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. म्हणून आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. चार बोरची बंदूक म्हणजे पाव पौंडाची गोळी. ती उडवणाऱ्याच्या खांद्याचे काय होत असेल ते त्याचे त्याला माहीत. आट्यांची नळी, म्हणजे रायफल आली, तसे हे वजनाचे माप मागे पडले आणि इंचाचे दशांश आले. .४५० म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या हजार भागांपैकी साडेचारशे भाग. ‘थ्री नॉट थ्री’ हे आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेले नाव त्याच पद्धतीचे. युरोपात मिलिमीटर चालले आणि काडतुसाच्या पुंगळीची लांबीही नावात आली, जसे ७ बाय ५७.

इथे एक बारकावा आहे आणि पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. नळीचा व्यास सारखा असला म्हणून काडतूस सारखे होत नाही. पुंगळीची लांबी, तिचा निमुळतेपणा, बुडाची कड यात केसभर फरक पडला तरी काडतूस आत शिरत नाही, किंवा शिरले तर भलतेच घडते. तेव्हा बंदूक निवडणे म्हणजे खरे तर एक विशिष्ट पितळी पुंगळी निवडणे. ती पुंगळी कोण बनवतो, कोण विकतो आणि कोणाला विकू देतो, यावर बंदुकीचे आयुष्य ठरते.

१८५७ नंतर इंग्रजांना हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. बंडाची ठिणगी काडतुसावरूनच पडली होती. त्यानंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार द्यायचे, हा शिरस्ता बराच काळ पाळला गेला. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो १८६९ साली. १८७८ साली लिटनच्या कारकीर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागू लागला, युरोपियनांना सूट मिळाली. ही सूट काँग्रेसच्या पहिल्या काही अधिवेशनांपासून टीकेचा विषय होती. मात्र कायद्यातली बंदूक सगळ्यांना दिसते. परवान्यावर काडतुसांची संख्याही लिहिलेली असते, वर्षाला किती आणि एका वेळी जवळ किती, हे ज्याच्या घरी परवाना आहे त्यालाच ठाऊक असते. बंदूक एकदाच घ्यायची असते. काडतुसासाठी दरवर्षी सरकारकडे आणि दुकानदाराकडे जावे लागते. नियंत्रणाची दोरी म्हणून काडतूस कितीतरी सोयीचे.

या दोरीचा सर्वांत मोठा झटका १९०७ साली बसला आणि तो गोऱ्या शिकाऱ्यांना बसला, ही त्यातली गंमत.

झाले असे. १८७१ साली ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री ही रायफल घेतली. तिचे काडतूस .५७७/४५०, म्हणजे .५७७ची जाड पुंगळी तोंडाशी आवळून .४५०ची केलेली. शिशाची गोळी ४८० ग्रेन, आपल्या मापाने एकतीस ग्रॅम. १८८८ साली .३०३ आले आणि मार्टिनी हळूहळू दुय्यम ठरली, पण तोवर ती साम्राज्यभर पसरली होती. वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांकडे ती होती, चोरलेली, विकत घेतलेली, कोहाटच्या खिंडीतल्या कारागिरांनी हुबेहूब घडवलेलीही. सुदानात होती. या सगळ्या बंदुका जिवंत होत्या आणि त्यांना खाद्य हवे होते.

दुसरीकडे १८९८ साली जॉन रिग्बी या बंदूककाराने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणले. काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट, शिशावर कठीण धातूचे कवच, गोळी तीच ४८० ग्रेनची. पण वेग मार्टिनीच्या दीडपटीहून अधिक, सेकंदाला दोन हजार फुटांवर. वाघ, गवा, हत्ती, सगळ्यांना पुरे पडणारे. काळ्या दारूच्या अवजड चार बोर आणि आठ बोर बंदुका त्याने एका फटक्यात म्हाताऱ्या केल्या. दहा वर्षांच्या आत मोठ्या शिकारीचे सर्वमान्य काडतूस म्हणून ते रुजले होते. आणि १९०७ साली हिंदुस्थान व सुदान या दोन्ही मुलखांत .४५० बोरच्या रायफली आणि काडतुसे आणायला बंदी झाली. भीती ही की शिकारीच्या नावाखाली आलेला माल, त्यातली गोळी, त्यातली दारू, मार्टिनीवाल्यांच्या हाती पडेल.

सुट्या भागांचा दुकानदार म्हणून सांगतो, ही भीती फार पक्क्या पायावर नव्हती. .४५० नायट्रोचे काडतूस मार्टिनीत भरता येत नाही. ते उपसून गोळी आणि दारू काढायची आणि पुन्हा जुन्या पुंगळीत भरायची, तर त्या महाग काडतुसापेक्षा शिसे वितळवून साचात ओतणे कितीतरी स्वस्त. सरहद्दीवर येणारा खरा माल इराणच्या आखातातून गलबतांवरून येत होता. तो अडवायला आरमाराला तिथे गस्त घालावी लागली. पण सरकारी हुकूम आकड्यावर निघतो. ‘४५०’ हा आकडा दोन्हीकडे होता, एवढे पुरले.

आता बंदूककारांची पंचाईत पाहा. हिंदुस्थान म्हणजे त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ. संस्थानिक, वनखात्याचे अधिकारी, लष्करी साहेब, चहामळेवाले. तिथेच त्यांचे सर्वांत खपाचे माप बंद. मग प्रत्येकाने .४५०च्या आसपासचे, पण .४५० नसलेले माप शोधले. हॉलंड अँड हॉलंडने .५००/४६५ काढले. जोसेफ लँगने .४७०. जेफ्रीने .४७५ नंबर २. वेस्टली रिचर्ड्‌सने .४७६. वाघाला यातला फरक कळायचे कारण नव्हते. पाचशे ग्रेनच्या आसपास गोळी, सेकंदाला एकवीसशे फुटांच्या आसपास वेग, सगळ्यांचे काम एकच. पण एकाचे काडतूस दुसऱ्यात जात नव्हते. कालपर्यंत ज्याला एकच पेटी मागवायची होती, त्याला आता आपले माप अचूक लिहून कळवावे लागे आणि दुकानात नेमके शेजारचे माप शिल्लक असे.

मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची देखणी इमारत आजही उभी आहे. या दुकानाचे, योगायोगाने १९०७ सालचेच, कॅटलॉग पुढे पुनर्मुद्रित झाले आणि ते चाळायला फार मजा येते. साबण, तंबू, बूट, चहाची किटली आणि बंदुका-काडतुसे, सगळे एकाच जाडजूड ग्रंथात. त्याची पाने उलटताना आतल्या भागात बदली झालेला एखादा तरुण अधिकारी डोळ्यांसमोर येतो. मेळघाटात किंवा चांद्याच्या जंगलात नेमणूक, रायफल घरून मिळालेली, आणि काडतुसे मुंबईहून रेल्वेने, पुढे बैलगाडीने. पावसाळ्यात रस्ते बंद. अशा माणसाने कोणते माप निवडावे?

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या तीस वर्षांनी दिले. त्या आकड्यांच्या घोळक्यातून सर्वांत पुढे गेले .४७०. ते काही अचूकतेत किंवा ताकदीत सरस नव्हते. हॉलंडचे .४६५ किंवा वेस्टली रिचर्ड्‌सचे .४७६ ही त्या त्या पेढीची खासगी मालमत्ता समजली जात होती; .४७० मात्र सगळ्या बंदूककारांना वापरायला मोकळे होते. म्हणून अनेक पेढ्यांनी त्या मापाच्या रायफली बनवल्या, म्हणून काडतुसे जास्त खपली, म्हणून दुकानदारांनी ती जास्त ठेवली, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाने तेच माप मागितले. .३७५ मॅग्नमचीही तीच कथा. हॉलंडने ते १९१२ साली काढले, पण जगभर पसरले ते पुढे इतरांनाही वापरता येऊ लागल्यावर. १९३७ साली अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने आपल्या नव्या रायफलीत ते घातले आणि आफ्रिकेतल्या आडगावच्या दुकानातही ते मिळू लागले.

हिंदुस्थानात आणखी एका मापाला मोठी पसंती होती, .४५०/४००. नावात ४५० असूनही ते बंदीत बसत नव्हते, कारण जुनी .४५०ची पुंगळी आवळून .४०० केलेली. वाघासाठी पुरेसे, धक्का सोसवेल इतका. आणि इथल्या उन्हात ते बऱ्यापैकी बिनधोक होते. कॉर्डाइटचा एक दोष असा की हवा तापली की त्याचा दाब वाढतो. लंडनच्या थंडीत तपासलेली रायफल एप्रिलमध्ये विदर्भात नेली तर तीच पुंगळी आत घट्ट चिकटून बसायची. अंगावर वाघ येत असताना रिकामी पुंगळी निघेना, या प्रसंगाची कल्पना करा. म्हणून मोठमोठ्या पुंगळ्या, आत दाब कमी, आणि उष्ण प्रदेशासाठी दारू थोडी घटवलेली वेगळी काडतुसे. ‘व्यवहार्य’ या शब्दात एवढे सगळे येते.

काडतुसांची टंचाई म्हणजे काय, याचे सर्वांत जिवंत वर्णन जिम कॉर्बेटच्या चंपावतच्या हकिकतीत आहे. सालही तेच, १९०७. चारशेहून अधिक माणसे मारल्याचे जिच्या नावावर आहे ती ही वाघीण. हाका होत असताना कॉर्बेटजवळ कॉर्डाइटची .५०० रायफल होती आणि काडतुसे मोजून तीन. एक-दोनच बार मिळतील, तिसरे अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब. तिन्ही संपली, वाघीण जखमी होऊन समोर उभी. कॉर्बेट धावत चढणीवर बसलेल्या तहसीलदाराकडे गेला, त्याची बंदूक हिसकावून घेतली आणि परत खाली आला. नेम धरताना त्याला दिसले की नळी आणि बंदुकीच्या मागच्या भागात चांगली फट आहे. तसाच बार काढला. तहसीलदाराची ती बंदूक आणि कॉर्बेटची रायफल यांची काडतुसे एक नव्हती, हे वेगळे सांगायला नको. असती तर त्या फटीशी गाठ पडली नसती.

याच हकिकतीच्या शेवटी एक बाब येते, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेलेल्या वाघिणीचे तोंड उघडून पाहिले तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते, खालचा तर हाडापर्यंत. जुन्या बंदुकीच्या गोळीची जखम. नेहमीचे सावज धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटचे निदान. कुणीतरी कधीतरी एक बार टाकला होता, तो नीट लागला नव्हता, आणि त्याची किंमत चारशे घरांनी मोजली. कोणाच्या हाती कोणते काडतूस पडते आणि दुसरा बार टाकायला त्याच्याजवळ काही उरते का, हा प्रश्न शौकिनांच्या गप्पांपुरता नसतो तो यामुळे.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. हीच पुढे त्याची लाडकी झाली. १९३० साली चौगडची नरभक्षक वाघीण त्याने हिनेच मारली, तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात रातव्याची अंडी होती. वजनाला हलकी, साडेतीन किलोच्या आतबाहेर. पण .२७५ हे नाव फसवे आहे. हे काडतूस मुळात जर्मनीच्या माउझरचे ७ बाय ५७, १८९२ सालचे. १८९९ ते १९०२च्या बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांनी याच काडतुसाने ब्रिटिश पलटणींची दाणादाण उडवली. युद्ध संपले आणि लंडनच्या बंदूककाराने शत्रूचे काडतूस इंची नाव देऊन आपल्या गिऱ्हाइकाला विकायला काढले. व्यापार असाच चालतो. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉट शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बहुसंख्य याच बारक्या ७ मिलिमीटरने. हत्तीची शिकार कौतुकाने सांगण्याचा काळ गेला आणि ते बरेच झाले. पण बेलचे एक कारण नोंदवण्यासारखे आहे. दुसऱ्या मापांची काडतुसे त्याला ऐन वेळी दगा देत होती, ७ मिलिमीटरची जर्मन काडतुसे कधीच देत नव्हती.

शत्रूच्या काडतुसाला हिंदुस्थानात आणखी एक गुण होता. ते इथल्या कोणत्याही सरकारी रायफलीत बसत नव्हते. आणि हाच धागा आपल्याला .३१५कडे नेतो.

.३०३ लष्कराचे काडतूस. ते खासगी माणसाच्या हाती जाऊ नये ही सरकारची इच्छा. पण लोकांना मध्यम ताकदीची, स्वस्त, दणकट रायफल तर हवी होती. ली-एन्फील्डचा सांगाडा उत्तम होता, कारखाने ती बनवत होते. मग तोच सांगाडा ठेवून नळी बदलायची आणि असे काडतूस द्यायचे की जे हिंदुस्थानातल्या कोणत्याही पलटणीत नाही. हे काडतूस सापडले ऑस्ट्रिया-हंगेरीत, १८८८ सालच्या मान्लिखर रायफलीचे ८ बाय ५०, बुडाला कड असलेले. २४४ ग्रेनची बोथट गोळी. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारासाठी अशा रायफली बनवल्या. मिलिमीटरचे नाव इंचात गेले आणि ८ मिलिमीटरचे झाले .३१५.

सरकारची भीती निव्वळ भ्रम होती असेही नाही. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीचा जकातीतून सोडवलेला माल गोदामात पोचवताना त्यांच्याच एका कारकुनाने, श्रीशचंद्र मित्र यांनी, काही पेट्या परस्पर वळवल्या. पन्नास माउझर पिस्तुले आणि शेहेचाळीस हजार काडतुसे क्रांतिकारकांच्या हाती गेली. पिस्तुले पन्नासच, पण त्यांच्यामागे शेहेचाळीस हजार काडतुसे होती म्हणून त्यांना अर्थ होता. ती जागोजाग वाटली गेली. पुढच्याच वर्षी बालेश्वरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे चार साथी पोलिसांशी लढले ते माउझर पिस्तुलांनीच. नुसती पन्नास पिस्तुले चोरून आणली असती तर काही महिन्यांत ती लोखंडाचे तुकडे झाली असती.

पोलिसांच्या बाबतीतही सरकारने हीच युक्ती वापरली. ईशापूरच्या कारखान्यात .३०३च्या जुन्या रायफलींची नळी आतून मोठी करून, आटे काढून टाकून, .४१०ची एकेरी बाराची मस्केट केली गेली. तिचे काडतूस म्हणजे .३०३चीच पुंगळी, फक्त तोंडाशी न आवळलेली. शिपायाच्या हातातले हत्यार हिसकावून नेले तरी लष्कराचे काडतूस त्यात नीट चालणार नाही.

स्वातंत्र्य आले. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले. नियमांची पहिली अनुसूची मी अनेकदा वाचली आहे. निषिद्ध बोर कोणते, तर .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर, आणि या सरकारी काडतुसांना जे जे हत्यार स्वीकारेल ते, मस्केटमध्ये.४१०, पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये.३८० आणि .४५५ कडेची काडतुसे आणि लष्करी ९ मिलिमीटर. म्हणजे व्याख्या हत्याराच्या ताकदीवरून केलेली नाही, सरकारी कोठारातले काडतूस त्यात जाते का यावरून केलेली आहे. १९०७ चा साहेब या भाषेत सहज रमला असता. याचा एक विचित्र परिणाम असा की .३०-०६ हे अमेरिकी काडतूस, ज्याच्या नळीचे माप ७.६२ मिलिमीटरच आहे आणि ताकद लष्करी ७.६२पेक्षा किंचित जास्तच, ते परवान्यावर चालते. कारण त्याची पुंगळी ६३ मिलिमीटर लांब आणि लष्करी पुंगळी ५१. आपल्याच आयुध कारखान्यांनी पुढे या मापाची शिकारी रायफलही बाजारात आणली.

राजवाड्यांतल्या दुनळी रायफलींचे काय झाले? त्यांची काडतुसे इंग्लंडची कायनॉक कंपनी बनवत असे. साम्राज्य गेले, गिऱ्हाईक आटले, १९६०चे दशक संपता संपता ही मोठी काडतुसे बनवणे तिथे जवळजवळ थांबले. इकडे परकी चलनाची चणचण, आयातीवर बंधने. आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. कायद्याने शिकार थांबली असे आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण लाखमोलाच्या अनेक रायफली त्याआधीच मुक्या होऊ लागल्या होत्या. त्यातल्या काही अलीकडे परदेशांत लिलावात विकल्या जातात. तिकडे आता हौशी लोकांसाठी ती काडतुसे पुन्हा थोडीथोडी बनू लागली आहेत.

.३१५ मात्र जगले. ऑस्ट्रियाने स्वतः १९३०च्या दशकात ते सोडून नवे काडतूस घेतले होते. जगात इतरत्र ते संग्राहकांच्या कपाटापुरते उरले. पण सामान्य परवानाधारकाला देशात बनलेली रायफल आणि देशात बनलेले काडतूस यांची जोडी ज्यात मिळत होती असे हेच माप होते. रायफल आयुध कारखान्याची, काडतूस खडकीचे. हॅब्सबर्ग सम्राटाच्या सैन्यासाठी आखलेली पुंगळी, इंग्रजी सांगाड्याची रायफल आणि बुडावर पुण्याच्या वेशीवरच्या कारखान्याची खूण, ‘के. एफ.’ म्हणजे कर्की फॅक्टरी. असे मिश्रण दुसरीकडे सापडणे कठीण.

ही खूण मला पहिल्यांदा भेटली ती न्यायालयाच्या एका निकालात. उत्तर प्रदेशातला खुनाचा खटला, पंचनाम्यात ‘८ एमएम के. एफ.’ लिहिलेली रिकामी पुंगळी. मग दुसऱ्या निकालात तीच, तिसऱ्यात तीच. उत्तर भारतातल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला ‘.३१५ बोरचा तमंचा’ हे शब्द पाठ असतात. आपल्याकडे ज्याला गावठी कट्टा म्हणतात तो हा. कट्टा बनवणारा लोहार माप कसे निवडतो? शिकारी निवडतो तसेच. लष्कराचे काडतूस मिळणे अवघड, परदेशी महाग. परवान्याच्या दुकानांतून झिरपत येणारी काडतुसे दोन, बारा बोर आणि .३१५. म्हणून कट्टेही बहुधा त्या दोन मापांचे. लष्कराच्या काडतुसापासून लोकांना दूर ठेवायला ज्या मापाची योजना झाली, ते माप अशा रीतीने गुन्हेगारीचे प्रमाण माप होऊन बसले. परवानाधारकाने वापरलेल्या काडतुसांचा हिशेब द्यावा, रिकाम्या पुंगळ्या परत कराव्यात, असे आग्रह त्या भागात वेळोवेळी धरले जातात ते यामुळेच.

आपल्या कोकणात रायफल हा विषय नाही. तिथे पीक संरक्षणाचा परवाना आणि त्यावर ठासणीची किंवा बारा बोरची बंदूक. सिंधुदुर्गात एका बागायतदाराच्या ओटीवर मी त्यांना विचारले, एवढी वर्षे बारा बोरच का? ते म्हणाले, “दुसऱ्याची काडतुसां गावतत खंय?” माझ्या सगळ्या वाचनाचा त्यांनी चार शब्दांत निकाल लावला. बारा बोरचा फायदा असा की काडतूस बदलले की बंदूक बदलते. बारीक छर्रे घातले तर माकडांना हुसकवायला बार, जाड छर्रे घातले तर डुकराला. खडकीचीच ‘शक्तिमान’ छापाची काडतुसे परवान्याच्या दुकानात मिळतात. त्यांच्या आजोबांची ठासणीची बंदूकही घरात होती, नळी जवळजवळ त्यांच्या खांद्याएवढी. दारू, चिंधी, छर्रे आणि वर केप, एवढ्यावर ती चालते. पुंगळीच नाही, तेव्हा कुणाच्या मापाची मिनतवारी नाही. पण पावसात केप भिजते आणि एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत डुकराचा कळप शेजारच्या बागेत.

मारण्यासाठी बार काढणे आता त्यांना बहुधा करताच येत नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे. मारायचे तर वनखात्याची परवानगी हवी, तिच्या अटी आणि मुदती वेगळ्या. म्हणून बार हवेत. वर्षाला मिळणाऱ्या काडतुसांतली बरीचशी नुसत्या आवाजावर जातात. शिवाय निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभेची निवडणूक येते एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी काजूच्या हंगामात. बोंडू पिकून खाली पडलेले असतात, रात्री डुकरे आणि साळिंदर बागेत उतरतात आणि बंदूक ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी लावून भिंतीशी उभी असते. त्या दिवसांत ते पत्र्याचा डबा वाजवतात. जमा करताना बंदुकीचा नंबर, बोर आणि शिल्लक काडतुसांची संख्या नोंदवून पावती मिळते. त्यांनी अशा पावत्या एका तारेत ओवून ठेवल्या आहेत, सगळ्यांत जुनी १९७७ सालची, त्यांच्या वडिलांच्या नावाची. तिच्यावर निळ्या शाईत लिहिले आहे: बारा बोर, एकनळी, काडतुसे सात.